इनासचा बर्फ

महाबळेश्वरहून आणली दोन मुळं
ओल्या वर्तमानपत्रात, बायकोच्या पर्समध्ये.
नर्सरीवाला म्हणाला, बारमाही रास्पबेरी आहे काका,
पावसाच्या मागून एकदा,
उन्हाळ्याच्या तोंडावर पुन्हा एकदा.
फक्त थंडी द्या.
फक्त, म्हणाला.

सावईवेऱ्यात थंडी म्हणजे
पहाटे पंखा एकवर,
शेजारच्या प्रेमावतीची कानटोपी,
असे सगळे मिळून नऊ दिवस.

वीज खात्यात चौतीस वर्षं लाइनमन होतो,
खांब रोवणं अंगवळणी पडलेलं.
पोफळींची सावली दुपारनंतर जिथे सरकते
तिथे चिरे रचून उंचवटा केला,
शेणखत, पालापाचोळा, थोडी नदीकाठची रेती,
दोन खांब, मधे अ‍ॅल्युमिनियमची उरलेली तार.
कुठून उरली ते विचारू नका.
इथे मिरी दुसऱ्याच्या जिवावर चढते
आणि कुणाचं काही मागत नाही.
ही बया तारेला बांधली तरी
पाहुणीसारखी अवघडून उभी.

साडेदहाला इनास यायचा स्कूटरवर, मागे मासळीची पेटी.
म्हटलं, बर्फ दे किलोभर.
बांगड्याखालचा नको, वरचा, मीठ न लागलेला.
त्याने हेल्मेट काढलं.
‘कोणाक बरें ना?’
‘झाडाला.’
त्याने हेल्मेट परत घातलं.

पण दुसऱ्या दिवसापासून
साखरेच्या गोणीत, लाकडाच्या भुशात
वेगळा बांधलेला यायचा बर्फ.
पैसे घेईना. आठवड्याला दोन नारळ, बस.
मी तो संध्याकाळी फोडून
मुळांपासून वीतभर लांब पसरायचो.
अर्ध्या तासात पाणी.
प्रेमावती कुंपणावरून म्हणाली,
बर्फ मढ्याला घालतात हो, झाडाला नव्हे.

पहिल्या वर्षी पानं आली, आणि मांजरं.
दुसऱ्या वर्षी एक मूळ कुजलं.
दुसऱ्याची काठी माझ्या खांद्याला लागली
आणि तिथेच थांबली, लाइन ट्रिप झाल्यासारखी.
बायको म्हणाली, फोंड्याच्या बाजारात डबीत मिळतात,
दीडशे रुपये, काटे नाहीत.
मी काही बोललो नाही.
त्या जानेवारीत फ्रिजमधला बर्फाचा ट्रे
रोज सकाळी रिकामा दिसायचा.
तेव्हाही काही बोललो नाही.

तिसऱ्या वर्षी, दिवाळी उलटल्यावर,
अगदी टोकाला फुलं.
फूल कसलं, चहा निवेपर्यंत पाकळ्या खाली.
मग हिरव्या गाठी, मग फिकट,
मग एका सकाळी पाच लाल,
बोट लावलं की सुटतील असे.

पहिलं कुणाला? देवाला, म्हणाली बायको.
तेवढ्यात गेटवर हॉर्न.
देव थांबेल, इनासला पुढे चार घरं आहेत.

त्याने फळ अलगद ओढलं.
ते टोपीसारखं निघून आलं,
झाडावर राहिलं पांढरं बोंड, ओलं, एकटं.
त्याने ते उजेडात धरलं, आत पाहिलं, हुंगलं,
सुरमईचा कल्ला उचलून बघावा तसं.
‘ताजें आसा,’ म्हणाला गंभीरपणे.
मग तोंडात टाकलं, डोळे मिटले,
आणि आम्ही दोघं नवरा-बायको
निकाल लागायची वाट बघत उभे.

‘आंबट,’ म्हणाला. ‘भिंडां बरीं.’
आणि दुसरं मागितलं.

नर्सरीवाल्याने सांगितलं होतं,
फळलेलं तेवढंच टोक छाटा,
खालचे डोळे निजलेले असतात, ते चैत्राच्या आसपास उठतील,
मग ती काठी गेलीच समजा,
तोवर बुडातून नवी येते.
बुडाशी खरंच एक कोंब होता,
करंगळीएवढा, लालसर, जरा संतापलेला.

छाटायची कात्री बायकोने धरली.
माझा हात हल्ली थरथरतो,
खांबावरचा माणूस मी, कबूल करत नाही.

इनास स्कूटर चालू करून थांबला,
गोणी झटकत.
‘फाल्यां कितलो?’
मी झाडाकडे बघितलं.
‘दोन किलो,’ बायको म्हणाली.